परतीचा फटका

गोल्फ हा खेळ मी उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि तरीही गेली दोन वर्षे मी तो रोज सकाळी तासभर खेळतो आहे. यात चमत्कार काही नाही. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला, त्याचा जुना संगणक घरी राहिला आणि त्या संगणकात हा खेळ राहिला. आधी चार दिवस मी त्यावरची धूळ पुसली, पाचव्या दिवशी तो सुरू केला, आणि सहाव्या दिवसापासून माझा सकाळचा चहा निवू लागला.

जालन्यात राहणाऱ्या माणसाने गोल्फची हौस करावी, हे ऐकून कोणी हसले तर मला राग येणार नाही. मैलभर पसरलेली हिरवळ ही आमच्याकडे डोळ्यांनी खाण्याची वस्तू आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावली आहे. गवत हिरवे ठेवण्यासाठी पाणी ओतायचे ही कल्पनाच त्या दिवसांत पाप वाटली असती. पण पडद्यावरच्या हिरवळीला पाणी लागत नाही. तिथले तळेही नुसते चेंडू बुडवण्यापुरते.

खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला सोपा आहे. माउसची कळ एकदा दाबली की पडद्यावरचा खेळाडू काठी उचलतो आणि बाजूची पट्टी भरू लागते. दुसऱ्यांदा दाबली की जोर ठरतो. पट्टी उतरत ठरलेल्या रेघेवर येते, त्या क्षणी तिसऱ्यांदा दाबली तर चेंडू सरळ जातो. पापणी लवण्याइतकी घाई किंवा उशीर झाला तर तो झाडीत. अशी अठरा भोके. खऱ्या मैदानावर त्या भोकाची रुंदी सव्वाचार इंच असते, आणि कुशल खेळाडूने सारी फेरी साधारण ७२ फटक्यांत पुरी करावी अशी अपेक्षा असते. माझी पहिली फेरी १४१ फटक्यांत आटोपली. त्यांतले बरेचसे फटके तळ्याने खाल्ले.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी चूक कुठे झाली हे शोधण्याची खोड सुटलेली नाही. मी वही घातली. महिन्याभरात ध्यानात आले की माझ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच होते : प्रत्येक फटका सगळ्या जोरानिशी मारायचा. जोर जितका अधिक तितकी बारीक चूकही मोठी होते. लांबची काठी घेऊन बेताने मारले की चेंडू थोडा अलीकडे पडतो, पण वाटेवर पडतो. मग कळले की निशाण पाण्याच्या काठाला असेल तर निशाणाकडे न पाहता हिरवळीच्या मध्यावर नजर ठेवावी. वारा आधी पाहावा, काठी मग निवडावी. शेवटचा हलका फटका भोकाच्या थोडा पलीकडे जाईल अशा बेताने मारावा, कारण अलीकडे थांबलेला चेंडू भोकात पडण्याची आशाच नसते. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला हे कळत नाही.

हाताच्या कसबाला कमी लेखू नये. समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दासबोधात परमार्थाच्या गोष्टी सांगता सांगता समर्थांनी एक सबंध समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळ कशी असावी, शाई-कागद कसा ठेवावा, हे सारे त्यात आहे. मोक्षाची वाट सांगणाऱ्याला वळणदार अक्षर क्षुल्लक वाटले नाही. तेव्हा माझ्या तीन वेळा कळ दाबण्यालाही थोडा मान असायला हरकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

पण या खेळात आणखी एक कळ आहे, आणि हा सारा लेख त्या कळीपायी लिहावा लागतो आहे. फटका बिघडला तर ती दाबायची. चेंडू मुकाट्याने मूळ जागी येतो, आणि बिघडलेला फटका हिशेबातून पुसला जातो. गोल्फवाल्यांनी तिला ‘मलिगन’ असे नाव दिले आहे. मित्रामित्रांच्या खेळात ते एकमेकांना अशी सवलत देतात. मी तिला परतीचा फटका म्हणतो. सुरुवातीला मी ती क्वचित दाबत असे. पुढे पुढे बोट आपोआप तिकडे जाऊ लागले. चहात साखर किती पडते याचा जसा विचार आपण करत नाही, तसे ते झाले. आणि एके दिवशी माझी फेरी ७४ फटक्यांत पुरी झाली.

हा पराक्रम मी मोतीबागेत सकाळी जमणाऱ्या मंडळींना सांगितला. त्यांत आमचे एक मित्र आहेत, मोंढ्यात सारा जन्म मापाडी म्हणून काढलेले. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणाऱ्या जुन्या पिढीतले. त्यांना गोल्फ म्हणजे काय हे मी दहा मिनिटे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “समदं खरं गुरुजी, पण माप कोण धरलं होतं?”

मी हसलो, मंडळीही हसली. पण घरी परतताना पायांत ते वाक्य घोटाळत होते. दुसऱ्या दिवशी मी परतीच्या फटक्याला हात लावायचा नाही असे ठरवून खेळलो. आकडा आला ९६.

आता प्रश्न असा की यात बिघडले काय? मी कोणाला फसवले? पलीकडे प्रतिस्पर्धी नव्हता, पैजेचा पैसा नव्हता. संगणकाला माझ्या सचोटीशी कर्तव्य नाही. लहानपणी गोट्या खेळताना कोणी गल चुकला आणि ‘हा धरायचा नाही’ म्हणाला, तर आम्ही सारे मिळून ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडत असू. पण तिथे ओरडायला दुसरे होते. रिकाम्या खोलीत एकट्याने खेळलेला डाव रडीचा असू शकतो काय?

मला वाटते, असू शकतो. आणि तिथेच तो फार खोल जातो. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स या विख्यात खेळाडूचा चेंडू उंच गवतात होता. फटक्याच्या तयारीत असताना तो किंचित हलला असे त्याला वाटले. कोणी पाहिले नव्हते, पंचांनीही नाही. जोन्सने स्वतःच एक फटका दंड म्हणून मोजायला लावला. स्पर्धेअखेर तो आणि विली मॅकफार्लेन यांचे फटके समसमान झाले, आणि निकालासाठी खेळवलेल्या जादा फेऱ्यांत जोन्स हरला. तो एक फटका गिळला असता तर विजेतेपद त्याचे होते. या गोष्टीत लोक त्याच्या त्यागाची थोरवी गातात. मला त्यात त्यागापेक्षा शहाणपण दिसते. आपला खेळ कसा आहे हे जाणण्याचे एकच साधन खेळाडूजवळ असते, ते म्हणजे त्याचा आकडा. तो खोटा केला की जग फसो न फसो, आपल्याला आपला पत्ता लागत नाही. मापाडी काट्याखाली पाय लावतो तेव्हा निदान कोणाचा तरी फायदा होतो. स्वतःच्याच घरचे धान्य मोजताना काट्याला पाय लावणाऱ्याला काय म्हणावे?

पण म्हणून परतीची कळ उपटून टाकावी, असेही मला म्हणवत नाही. गवई एकच तान पहाटे पन्नास वेळा घेतो आणि एकोणपन्नास वेळा टाकून देतो. त्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. चुकण्याला जागा नसेल तर शिकणे कसे व्हावे?

उत्तर मला पुस्तकात न सापडता शेतात सापडले. आमचा जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच आपली बियाणे कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण मी सांगतो आहे ती गोष्ट घरच्या बियाण्याची. जूनच्या आधी जाणता शेतकरी आपल्या सोयाबीनमधले शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि काही दिवसांनी उघडून मोड मोजतो. सत्तर तरी उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. न उगवले तर गेले काय? शंभर दाणे. हीच परीक्षा त्याने रानात घेतली तर? पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत थांबावे असे जाणकार सांगतात. पण आभाळ भरून येते, शेजारी तिफण धरतो, मन राहत नाही. पेरणी होते आणि पाऊस पाठ फिरवतो. मग दुबार पेरणी. तोही परतीचा फटकाच. पण त्याला पुन्हा बियाणे लागते, पुन्हा मजुरी लागते, हंगामाचे गेलेले दिवस परत येत नाहीत, आणि कित्येक घरांत त्यासाठी दागिना गहाण पडतो.

म्हणजे चूक करायला गोणपाट हवे. तिथे कितीही चुकावे, फक्त मोड मोजताना खोटे मोजू नये. पंचेचाळीस उगवले असता सत्तर लिहिणारा शेतकरी कोणाला फसवतो ते जुलैत कळते. मी सरावात परतीचा फटका मारला हे गैर नव्हते. सरावाचा आकडा खेळाचा म्हणून मोतीबागेत नेला, हे गैर होते.

इथे लेख संपवता आला असता. पण वही उघडून बसलो की जुने हिशेबही समोर येतात. तीस वर्षे मी वर्गात उभा होतो. एका वर्षी घनसावंगीकडच्या खेड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात आला. अबोल, अंगाने किरकोळ. त्रैराशिकाच्या एका उदाहरणाला त्याने हात वर केला. आठ मजूर बारा दिवसांत करतात ते काम सहा मजूर किती दिवसांत करतील, असे काहीसे ते उदाहरण होते. तो म्हणाला, “नऊ.” मी म्हणालो, “वा! मजूर कमी केले की काम लवकर उरकते, ही युक्ती तुझ्या बापाला सांग, मजुरी वाचेल.” वर्ग खो खो हसला. मीही हसलो. त्याचा बाप मजूर होता, हे मला मागाहून कळले. त्या मुलाने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. न येण्याची कारणे दहा असतील. त्यांत माझे वाक्य किती हे मला मोजता येत नाही. पण ते शून्य होते असे लिहायला माझा हात धजत नाही.

वर्ग हे गोणपाट होते. तिथे चुकायचे नाही तर कुठे? पण मी त्याच्या पहिल्या चुकलेल्या दाण्यालाच सारे पीक समजून हिशेब केला. त्याला परतीचा फटका देणे माझ्या हातात होते, फुकटही होते. “पुन्हा करून बघ बाळ” एवढेच म्हणायचे होते. आणि आज रिकाम्या खोलीत, कोणी न मागता, मी स्वतःला दिवसाला वीस-वीस परतीचे फटके बहाल करतो!

आपली सर्वांचीच चाल बहुधा अशी असते. स्वतःचा फटका बिघडला की वारा आडवा होता. दुसऱ्याचा बिघडला की त्याला खेळताच येत नाही. सून पहिल्यांदा पुरणपोळी करते तेव्हा फाटलेली पोळी सगळ्यांना दिसते, आणि आपल्या हातून उतू गेलेले दूध मात्र गॅसच्या दोषाने गेलेले असते. मला या खेळाने शिकवले ते नेमके उलट. स्वतःचा फटका मोजताना मापाड्यासारखे कठोर व्हावे, आणि दुसऱ्याला, त्यातून शिकणाऱ्याला, सढळ हाताने म्हणावे, ‘तो धरू नकोस, पुन्हा मार.’

सध्या माझ्या दोन वह्या आहेत. एक सरावाची, तिच्यात परतीच्या फटक्यांना बंदी नाही, पण किती मारले ते लिहावे लागते. दुसरी मोजणीची. आठवड्यातून एकदा, रविवारी, त्या वहीसाठी खेळायचे, आणि पडेल तो फटका धरायचा. गेल्या रविवारचा आकडा ८९ आहे. मोतीबागेत सांगितला. मापाडी मित्रांनी मान हलवली आणि म्हणाले, “हे माप बरोबर वाटतंय.” ७४ ला कोणी दिली नसती अशी ती शाबासकी होती.

लक्ष्मीपूजनाला मोंढ्यातल्या पेढ्यांवर नव्या वह्यांना हळदकुंकू लागते. यंदा माझी मोजणीची वही मीही पाटावर ठेवणार आहे. दिवाळीला मुलगा नातवाला घेऊन येतो आहे. नातू सात वर्षांचा आहे. तो माउस हाती घेईल, आणि पहिला फटका तळ्यात जाईल हे मला ठाऊक आहे. तेव्हा काय म्हणायचे, तेही आता ठाऊक आहे.