मुरलेलं पान

न्यू ऑर्लिन्स शहरात पाइपच्या तंबाखूचं एक जुनं दुकान होतं. एक तरुण शिक्षक तिथे येऊ लागला. बरण्यांची झाकणं उघडून तो वास घेई आणि दरवेळी व्हॅनिलाचा सुवास दिलेली कॅव्हेंडिश घेऊन जाई. दुकानदाराने एकदा त्याला साधी व्हर्जिनिया दिली. गरम हवेवर वाळवलेल्या या पिवळ्या पानात साखर भरपूर असते. घाईघाईने झुरके घेतले की जीभ पोळते. तरुणाने नेमकी घाईच केली. "हे तर वाळकं गवत आहे!" म्हणत त्याने पुडी परत केली.

दुकानदार काही बोलला नाही. त्याने ती पानं एका डब्यात घट्ट बंद केली, वर साल लिहिलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

काही काळाने तरुणाला व्हॅनिलाचा वीट आला. आता त्याला लटाकिया हवी होती, लाकडाच्या धुरीने काळं पडलेलं सायप्रसचं पान. पुढे तो लुईझियानातल्याच सेंट जेम्स परगण्यातल्या पेरीककडे वळला. तिची पानं ओकच्या पिंपात दाबून ठेवतात, अधूनमधून काढून हवा देतात, पुन्हा दाबतात. वर्षभर असं मुरल्यावर त्यांना मिरीसारखा झणका येतो. प्रत्येक नव्या आवडीला तो अखेरची आवड समजे आणि मागची आवड टाकून देई. दुकानात कोणी व्हॅनिला मागितली की "पोरकट चव!" असं मोठ्याने म्हणे.

वर्षं लोटली. एक दिवस तो म्हणाला, "आता कशातच गोडी उरली नाही."

दुकानदाराने फळीवरचा तो डबा काढला. "ही ओढून बघ. पण विझते की काय असं वाटेल, इतकी सावकाश."

शिक्षकाने तसंच केलं. जिभेवर मनुकांसारखा गोडवा उतरला. "कुठली ही?"

दुकानदाराने डब्यावरचं साल दाखवलं. "तू गवत म्हणून परत केलेली."

"मग बदललं कोण? पान की मी?"

"दोघंही. पण पान बंद डब्यात मुरतं, माणूस बंद मनाने मुरत नाही. प्रत्येक आवडीवर तू झाकण लावत गेलास, म्हणून तुझी गोडी संपली."

त्यानंतर त्या दुकानात शिक्षक कोणाच्याही आवडीला हसला नाही.

तात्पर्य: तंबाखू शरीराला घातकच, ती कोणी जवळ करू नये. पण गाणं असो, पुस्तक असो की माणूस, आज जे नीरस वाटतं त्याच्यासाठी मनाचं दार उघडं ठेवावं. आणि काल आपण ज्या पायरीवर होतो, तिथे आज उभा असलेल्याला कधी हसू नये.