आहे त्या माणसांनिशी

फुटबॉल संघाचा मॅनेजर राजकारणात गेला की नावाच्या जोरावर गेला, असं म्हणून आपण मोकळे होतो. आयर्लंडच्या जॉन ओमॅहनींच्या बाबतीत मला हे उत्तर अपुरं वाटतं.

गेलिक फुटबॉल हा हौशी खेळ आहे. पंधरा-पंधरा जणांचे संघ, चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. सामना क्रोक पार्कसारख्या मोठ्या मैदानावर भरगच्च गर्दीत झाला तरी खेळाडूला पगार नाही. खेळायचं ते सहसा आपल्या काउंटीकडून. त्यामुळे मॅनेजरला बाहेरून चांगला खेळाडू विकत आणता येत नाही. आहे त्या माणसांना राजी करूनच पुढे जावं लागतं.

ओमॅहनी मेयो काउंटीतल्या किलमूव्हीचे, पेशाने शिक्षक. १९८९मध्ये मॅनेजर म्हणून त्यांनी मेयोला ३८ वर्षांनी अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात नेलं. तिथे कॉर्ककडून हार झाली. पण त्यांचं खरं शिक्षण झालं असेल तर ते लीट्रिममध्ये. महादुष्काळापूर्वी दीड लाखावर वस्ती असलेल्या या काउंटीत १९९१च्या जनगणनेत जेमतेम २५ हजार माणसं उरली होती. पिढ्यान् पिढ्या तरुण पोरं पोटासाठी बाहेर पडत होती. कर्णधार डेक्लन डार्सीचे आईवडील लीट्रिमचे. तो स्वतः वाढला डब्लिनमध्ये. अशी विखुरलेली माणसं एकत्र आणून ओमॅहनींनी १९९४मध्ये कॉनॉट प्रांताचं विजेतेपद मिळवलं, तेही स्वतःच्या मेयोला हरवून. लीट्रिमने याआधी ते जिंकलं होतं १९२७मध्ये. त्या संघाचे कर्णधार टॉम गॅनन तेव्हा हयात होते. म्हातारे गॅनन आणि तरुण डार्सी यांनी मिळून करंडक धरलेला फोटो आहे. ओसाड पडत चाललेल्या मुलखाला आपण अजून आहोत असं वाटायला लावणं, हे लोकसेवेचंच काम. ते त्यांनी कुठल्याही पदाविना केलं.

पुढे ते गॉलवे काउंटीचे मॅनेजर झाले, तिथे हाच विचार पुढे सरकला. १९९८मध्ये किल्डेअरला हरवून गॉलवेने ३२ वर्षांनी अखिल आयर्लंड करंडक जिंकला. २००१मध्ये रॉसकॉमनकडून हरलेल्या संघाला नव्या नियमाने दुसरी संधी मिळाली, आणि अंतिम सामन्यात मीथचा १७ विरुद्ध ८ गुणांनी पाडाव झाला. हरलेल्या माणसांना पुन्हा उभं करण्याची त्यांची हातोटी इथे दिसली.

२००७मध्ये ते फिना गेल पक्षातर्फे मेयोतून संसदेवर निवडून आले. त्याच वेळी मेयो संघाची धुराही पुन्हा त्यांच्याकडे होती. मला हे पटत नाही. दोन्ही कामं माणसाचा पूर्ण वेळ मागतात. २०१०मध्ये लाँगफर्डकडून हरल्यावर त्यांनी संघ सोडला, तो आधीच सोडायला हवा होता. २०११मध्ये ते पुन्हा निवडून आले. पुढे मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, ते गॉलवे वेस्टमधून लढले आणि २०१६मध्ये हरले. मग २०२०पर्यंत सिनेटमध्ये राहिले. जुलै २०२४मध्ये ते गेले.

तेरा वर्षांच्या संसदीय कामापेक्षा मी १९९४चा तो एक उन्हाळा मोठा मानतो. पण करंडकाने लीट्रिममध्ये रोजगार आणला नाही, बाहेर गेलेली पोरं परतली नाहीत. रस्ता, दवाखाना, नोकरी यांसाठी अर्थसंकल्पाशीच झगडावं लागतं. हौशी खेळाने जमवलेली माणसं राजकारणाने टिकवायची असतात, आणि ओमॅहनी त्या दुसऱ्या, बिनटाळ्यांच्या कामालाही गेले, याचं मोल मला वाटतं.