पाय मोडलेला क्

नात दुसरीत आहे, मराठी माध्यमात. परवा ती झोपाळ्यावर बसून स्पेलिंग घोकत होती. ‘एन ए एम ई, नामे, नामे म्हणजे नेम. टी आय एम ई, टिमे म्हणजे टाइम. के एन आय एफ ई, क्नीफे म्हणजे नाइफ.’ एक उच्चार स्पेलिंग लक्षात ठेवण्यापुरता आणि दुसरा बाईंसमोर म्हणायचा. आम्हीही पाचवीत हेच केले. ‘वेड-नेस-डे’ म्हटल्याशिवाय बुधवार लिहिता न येणारी माणसे माझ्या पिढीत आजही सापडतील, आणि त्यांत मी आहे.

तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, “नामे काय, नामे? चुकीचं पाठ करू नकोस.”

खरे सांगायचे तर पोरगी चुकत नव्हती. ती सहाशे वर्षे उशिरा आली होती, एवढेच. चौदाव्या शतकात, चॉसर कविता लिहीत होता तेव्हा, इंग्रज माणूस ‘नेम’ हा शब्द ‘नाम’सारखाच म्हणायचा आणि शेवटी एक पुसट ‘अ’ सोडायचा. टाइमचा उच्चार ‘तीम’च्या जवळपास होता. नाइफच्या तोंडाशी असलेला ‘क’ तर चांगला खणखणीत वाजत होता. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजांच्या तोंडातले दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडत गेले. नेमका त्याच धामधुमीत, १४७६ मध्ये, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि शब्द शिशाच्या खिळ्यांत बसू लागले. बोलणे पुढे निघून गेले, खिळे मागे राहिले. विद्वानांनी त्यात आपली भर घातली. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये लॅटिन कूळ दिसावे म्हणून ‘बी’ घुसवला आणि ‘आयलंड’मध्ये ‘एस’ आणून बसवला तो तर चुकीच्या व्युत्पत्तीवरून. आज तो ‘एस’ विसरल्याबद्दल आपल्या मुलांचे मार्क कापले जातात.

असे अवशेष आपल्याकडेही होते. जुनी मराठी पुस्तके उघडा, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ अशी टिंबांची रांगोळी दिसेल. ती टिंबे एकेकाळी नाकातून म्हटली जात. पुढे नाकाने काम सोडले, टिंबे राहिली. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने मान्य केले आणि ती पुसली गेली. गंमत अशी की त्याच १९६२ साली इंग्रजीतही एक प्रयोग झाला. बर्नार्ड शॉ १९५० मध्ये वारला तो नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवून. त्या लिपीत त्याचे ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’ हे नाटक छापले गेले. लोकांनी ते कौतुकाने चाळले आणि आपल्या जुन्या स्पेलिंगकडे परतले. इंग्रजीला महामंडळ नाही, हे तिचे भाग्य की दुर्दैव ते ज्याने त्याने ठरवावे. स्पेलिंग घोकणाऱ्या पोरांना कुणी विचारलेले नाही.

आता गल्लोगल्ली ‘फोनिक्स’च्या पाट्या लागल्या आहेत. कल्पना साधी आहे : अक्षराचे नाव शिकवू नका, आवाज शिकवा. सी, ए आणि टी यांची कितीही वेळा बेरीज केली तरी ‘सीएटी’च येणार, कॅट येणार नाही. देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा आवाज असल्यामुळे आपल्याला ही फट चटकन दिसत नाही. ‘सी’ हे नाव आहे, जसे ‘वेलांटी’ हे नाव आहे. वेलांटी वाचताना आपण ‘वेलांटी’ म्हणत नाही. इंग्रजीत अक्षरे २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ध्वनी साधारण ४४, म्हणजे एकेका अक्षराला दोन-दोन पाळ्या करणे भाग आहे. त्यात नवल काय? आपला ‘च’ चार मोजताना वेगळा वाजतो आणि गाईला चारा घालताना वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जगून घे. मूल कधी अडखळत नाही. ‘सी’ हे अक्षर आपल्या ‘च’सारखे दुटप्पी आहे, एवढे सांगितले तर पुरते.

फोनिक्सच्या वर्गात खरी अडचण होते ती दुसरीच. बाई म्हणतात, ‘क, ॲ, ट’. मुले म्हणतात, ‘कॲट’. कारण आपल्या ‘क’च्या पोटात ‘अ’ बसलेला असतो. इंग्लंडमधल्या शिक्षकांनाही बजावले जाते की ‘मअ’ म्हणू नका, नुसते ‘म्म्म्’ म्हणा. त्यांच्याकडे हा फरक कागदावर दाखवायची सोय नाही. आपल्याकडे आहे. पाय मोडलेला क्, ॲ, पाय मोडलेला ट्. क् अधिक आ बरोबर का, हे गणित बाराखडीत मुलाने आधीच केलेले असते. २००९ मध्ये शासनाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतल्यावर तिची चौदाखडी झाली, आणि बॅट-बॉलची सोयही अधिकृतपणे लागली. हजारो रुपये फी भरून जे आणायला आपण निघालो आहोत, त्यातला निम्मा माल पहिलीच्या पाटीवर पडून आहे. मी पाहिलेल्या एकाही क्लासने मुलाला ‘हे तुला येतंच’ असे सांगितलेले नाही.

देवनागरीची ही कुबडी वेळेवर काढून घ्यावी लागते, हेही खरे. आपण पश्चिम दिशाही ‘वेस्ट’ लिहितो आणि बनियनही ‘वेस्ट’. ओठ गोल करायचा ‘व’ आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचा ‘व’ हा फरक देवनागरी दाखवत नाही. तो आरशासमोर उभे राहूनच शिकायचा.

पण माझे खरे दुखणे आवाजाचे नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची फोनिक्स चाचणी घेतात. चाळीस शब्द, त्यातले वीस मुद्दाम निरर्थक, म्हणजे मुलाला अंदाजपंचे वाचता येऊ नये. आपल्या मुलाला हे चाळीसही शब्द सारखेच निरर्थक! तिथल्या मुलाच्या कानात ‘कॅट’ पाळण्यात असल्यापासून आहे, त्याला फक्त ती कागदावर ओळखायची असते. आपल्याकडे आवाज जुळतो आणि मांजर येत नाही. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आली. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. शहरातल्या चार घरांना जे मिळते ते वाडीवरच्या पोरालाही मिळावे, यात गैर काय? पण पुस्तक आले आणि कान रिकामाच राहिला. आधी ऐकणे, मग बोलणे, मग वाचणे हा क्रम आपण उलटा केला. खडाखडा वाचणारे मूल पाहून पालक खूश होतात, आणि ‘म्हणजे काय?’ असे त्याला कुणी विचारत नाही.

व्याकरणाची गोष्ट तर निराळीच. ‘हॅव’चा तक्ता पाठ असतो, आय हॅव, ही हॅज. पण मराठीत ‘हॅव’ हे क्रियापदच नाही, हे शिकवायचे राहून जाते. आपल्याला भाऊ ‘असतो’, आपल्याकडे पैसे ‘असतात’, घराला दारे ‘असतात’. इंग्रज हे सगळे एकाच दाव्याला बांधतो. मी नातीला म्हटले, “‘मला एक भाऊ आहे’ हे इंग्रजीत सांग बरं.”

“टू मी वन ब्रदर इज,” ती म्हणाली. तक्ता तिला तोंडपाठ होता.

मग आम्ही दोघे ‘हॅव’च्या वस्तू शोधत बसलो. पेन्सिल, भाऊ, घराची दोन दारे. मी म्हटले, “आणि मला ताप आहे, तेही आय हॅव अ फीव्हर.”

ती झोपाळा थांबवून विचारात पडली. “आबा, म्हणजे ताप पण पेन्सिलीसारखा? मग दादाला देता येईल?”