प्रारब्ध कोणाचे आणि क्षमा कोणी करावयाची?

जन्मतःच मेंदूस इजा पोचलेल्या बालकाविषयी आपल्या घरांत एक शब्द फार लवकर उच्चारला जातो: प्रारब्ध. शोकाच्या पहिल्या दिवसांत त्या शब्दाने आईबापांस धीर येतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु विचारावयाचा प्रश्नच त्याने मिटवून टाकावा काय?

प्रत्येक कळेसरशी गर्भाशय आवळते आणि वारेतून बाळाकडे जाणारा प्राणवायू क्षणभर कमी होतो. निरोगी बाळ एवढे सोसते. परंतु नाळ दबली, वार वेळेपूर्वी सुटली, किंवा कळा वाढविण्याचे औषध अधिक होऊन दोन कळांमध्ये उसंतच उरली नाही, तर बाळ गुदमरू लागते. मिनिटास 110 ते 160 पडणारे त्याचे ठोके मंदावतात व कळ ओसरल्यावरही लवकर सावरत नाहीत. म्हणून कळांचा जोर वाढल्यावर निदान दर अर्ध्या तासाने, आणि बाळ बाहेर येण्याच्या सुमारास दर पाच मिनिटांनी, ठोके ऐकून लिहून ठेवावेत असा वैद्यकाचा दंडक आहे. जे कागदावर उतरू शकते ते सर्वस्वी दैवाच्या खाती घालणे आम्हांस पटत नाही.

अर्थात अशा अपंगत्वाचे मूळ कित्येकदा प्रसूतीच्या पूर्वीचे असते, आणि सर्व काळजी घेऊनही अपघात घडतो. केवळ अंदाज चुकला म्हणून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. त्यास घोर हयगय लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले. जमाव जमवून दवाखान्याच्या काचा फोडणारे तर बाळाचे काडीचेही हित करीत नाहीत.

पैसे घेऊन केलेले उपचार 1995 च्या निकालाने ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले. पुढे 1998 साली, चुकीच्या इंजेक्शनाने मेंदूस इजा झालेल्या एका बालकाच्या खटल्यात न्यायालयाने बालक व आईबाप या दोघांसही ग्राहक मानले. भरपाईही वेगवेगळी: बालकास साडेबारा लाख, आईबापांस पाच लाख. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. “आम्ही डॉक्टरांस क्षमा केली,” असे आईबाप म्हणतात. स्वतःच्या दुःखापुरती त्यांनी ती खुशाल करावी. परंतु ज्यास जन्मभर कोणीतरी उठवून बसवावयाचे, आणि तेही आईबापांच्या पश्चात, त्याच्या वाट्याची क्षमा परस्पर करून टाकण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला?

ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण असल्यासच ती पुढे सरते. बाळ मान धरीत नाही, बसत नाही, हे ध्यानी येईतोच त्यांतले कित्येक महिने सरतात. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावे लागतात, व मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात. तेव्हा ठोक्यांच्या नोंदीसह सर्व कागदांची लेखी मागणी करावी आणि ते दुसऱ्या जाणत्या प्रसूतितज्ज्ञास दाखवावेत. हयगय झाली नाही असे त्याने सांगितले, तर पहिल्या डॉक्टरांविषयी मनांत बाळगलेला संशय त्याच दिवशी सोडावा.