उपयोगी, की प्रिय?

वाचकहो, बोलक्या आगगाड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुले आज जगभर आहेत. त्या गोष्टींचा जनक एक इंग्रज धर्मगुरू होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. रेव्ह. विल्बर्ट ऑड्री (१९११-१९९७) यांनी गोवराने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या मुलासाठी त्या रचल्या. १९४५ साली पहिले पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी 'थॉमस' हे इंजिन मुलांच्या भेटीस आले.

या गोष्टींत इंजिनाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'उपयोगी' ठरणे. पावसाने रंग बिघडेल म्हणून बोगद्यातच अडून बसलेल्या हेन्रीला तेथेच भिंत बांधून कोंडले जाते! श्रमाची प्रतिष्ठा मुलांच्या मनावर बिंबवावी, हे योग्यच. परंतु एक प्रश्न उरतो. उपयोगी तेवढेच मोलाचे काय? मग ज्याचा उपयोग सरला, त्याचे काय?

ऑड्री यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या कृतीत याचे उत्तर अधिक स्पष्ट दिसते. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. पाटीच्या दगडाची वाहतूक करण्यासाठी ती १८६५ च्या सुमारास बांधली गेली. पुढे खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी तोटा सोसून आपल्या हयातीत गाडी चालू ठेवली; १९५० साली ते निवर्तले. हिशेबाच्या दृष्टीने रेल्वेचेही आयुष्य तेथेच संपले होते. पण लेखक एल. टी. सी. रोल्ट व त्यांच्या सोबत्यांनी संस्था स्थापिली आणि १९५१ साली स्वयंसेवकांच्या श्रमांवर गाडी पुन्हा धावू लागली. अशा रीतीने वाचलेली ही जगातील पहिली रेल्वे. तेथे ऑड्री यांनी स्वतः गार्डचे काम केले, आणि तिथली म्हातारी इंजिने त्यांच्या गोष्टींत नव्या नावांनी अवतरली.

येथील क्रम लक्षात घ्या. रेल्वे उपयोगी होती म्हणून लोकांनी तिच्यावर प्रेम केले नाही. प्रेम केले म्हणून ती पुन्हा उपयोगी झाली.

कोणी विचारील, माणसे उपाशी असताना जुन्या लोखंडाचे हे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. वस्तूवरील प्रेमाची मूर्तिपूजा होऊ शकते. वाफेच्या त्या युगात कोळशाच्या धुरात राबणाऱ्यांचे कष्ट विसरून केवळ शिटीच्या आठवणीत रमणे, हेही सत्याला धरून नाही. तथापि लोखंडाला जी दया दाखविता येते ती माणसाला नाकारली जात असेल, तर दोष दयेचा नव्हे, आपला आहे.

नव्या करारातील फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्र आठवा. 'अनेसिम' या नावाचा अर्थच 'उपयोगी'. पौल त्या नावाशी शब्दखेळ करतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार कर, अशी तो विनंती करतो. 'उपयोगी' हे नाव राहतेच, मात्र नात्याचा पाया बदलतो.

आपल्या घरात ज्यांचे हात आता थरथरतात, मंडळीत ज्यांच्यावर कोणतीही जबाबदारी उरलेली नाही, त्यांच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने स्वतःच्या उंबरठ्याच्या आत द्यावयाचे आहे.