मंतरलेले घोडे

नागपुरात गांधीबागच्या कापड बाजारामागच्या गल्लीत, रद्दीच्या एका दुकानात ही कादंबरी हाती लागली. कुठल्याशा वाचनालयानं काढून टाकलेली प्रत. शिक्का खोडलेला, पुठ्ठा शाबूत. रघुजी भोसल्यांची बंगालवरची स्वारी, सोबतीला एक तांत्रिक, एक यक्षिणी आणि काळ थोपवून धरणारं खड्ग, असं मलपृष्ठावर छापलेलं. "घेऊन घ्या नं भाऊ, चाळीस द्या," दुकानदार म्हणाला. मोठ्या आशेनं घरी आणली. या शहराच्या अठराव्या शतकाकडे कुणी कल्पनेनं पाहिलं, तर मला ते हवंच असतं.

आशा मोडली ती एका घोड्यापाशी. भाला लागून नायकाचा घोडा कोसळतो. तांत्रिक मूठभर राख उधळतो, धुरातून दुसरा घोडा उभा राहतो आणि पुढच्याच ओळीत नायक पुन्हा दौडू लागतो.

मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराचा घोडा पडला की बुडीत त्याची. एका क्षणात त्याची रोजी जाई, पत जाई. ऐन लढाईत त्याचा एक डोळा शत्रूवर आणि एक घोड्याच्या पायांवर असणार. ही धास्ती कथेतून काढून घेतली, की पागोटी आणि तलवारी तेवढ्या उरतात.

अद्भुताचं मला वावडं नाही. मराठी कादंबरीचं बालपणच अद्भुतात गेलं. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, गुंजीकरांचा 'मोचनगड' पुस्तकरूपानं आला तो १८७१ साली. आणि याच बंगालच्या स्वाऱ्यांवर देवदेवतांनी भरलेली एक रचना त्या स्वाऱ्यांच्याच काळात झाली होती. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं 'महाराष्ट्र पुराण' १७५१च्या सुमाराचं. पापानं पृथ्वी जड झाली म्हणून शिवाच्या आज्ञेनं मराठे बंगालवर येतात, अशी त्याची सुरुवात. पुढे मराठ्यांनी ब्राह्मण-वैष्णवांना मारलं म्हणून देवी रघुजींचे सेनापती भास्करपंत यांच्यावर उलटते. इतकं अद्भुत असूनही गंगारामची नजर जमिनीवर आहे. बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आले म्हणताच गाव कसं पळतं, हे तो जातीगणिक सांगतो: पंडित पोथ्यांचे भारे घेऊन, सोनार तराजू आणि वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. घर सोडताना माणूस पोटापाण्याचं हत्यार आधी उचलतो, हे त्याला ठाऊक होतं. आजही बंगालमध्ये मुलांना निजवताना बर्ग्यांचं नाव निघतं, आणि पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून द्यायचा, हा घोर त्याच गाण्यात येतो.

माझ्या हातातल्या कादंबरीत या लोकांना चेहराच नाही. ते मायावी सैन्य आहे. तलवार लागली की धूर होऊन विरतं. लेखकाचा आळस मी सोसला असता, हे सोसवत नाही. गावकरी धूर झाले की त्यांच्या जळालेल्या घरांचं देणं कुणाकडेच उरत नाही. भास्करपंतांनी १७४२ साली काटव्याला मांडलेली दुर्गापूजा बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या छाप्यानं उधळली गेली. १७४४ साली मानकरा इथं तहाच्या बोलण्यासाठी बोलावून त्यांना आणि सरदारांना तंबूत कापून काढलं. या दगाबाजीवर कादंबरीनं मोठं प्रकरण खर्ची घातलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या दोन प्रसंगांच्या मधे बंगालच्या गावांवर काय गुदरलं, याला तिच्यात एक परिच्छेदही नाही.

१७५१च्या तहात ओरिसा रघुजींच्या हाती आला आणि बंगालची चौथाई सालीना बारा लाख रुपये ठरली. ते ज्या राजधानीच्या नावानं ठरले, त्याच शहरात आपण राहतो. इथल्या लेखकानं तांत्रिक खुशाल आणावा, यक्षिणीही आणावी; पण मेलेला घोडा मेलेलाच राहू द्यावा, आणि तराजू घेऊन पळणाऱ्या त्या सोनाराला एखादं नाव द्यावं.