दोरा चांगला आहे!

आमच्या घरी चामड्याची एक बॅग आहे. तिला बॅग म्हणायला आमच्या हिची हरकत असते. हिच्या मते ते बोचकं आहे आणि त्याची जागा माळ्यावर आहे. पण ती बॅग अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. साताऱ्याला मास्तर असताना 1964 साली त्यांनी ती घेतली आणि पुढे तीसएक वर्षं तिच्यातून मुलांचे पेपर घरी आणून, नापास करून, परत नेले. अण्णा चिडून घरी आले की आधी बॅग खुंटीला अडकवायचे आणि मग आमच्याकडे वळायचे. बॅग खुंटीला लागल्याचा आवाज आला, की दादा आणि मी एकमेकांकडे बघायचो. दादाचं आणि माझं इतकं एकमत पुढे आयुष्यात कधी झालं नाही.

2016 सालच्या पावसाळ्यात या बॅगेची कडेची शिवण वीतभर उसवली. यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. माझी स्वतःचीही शिवण तोवर दोन-चार ठिकाणी उसवली होती आणि मी तर बॅगेपेक्षा वयानं मोठा. हिनं गोधडीचा दोरा काढून दिला. मी शिवलं. पुढच्या पावसाळ्यात तो सुती दोरा कुजला आणि बॅगेनं पुन्हा जांभई दिली.

तेव्हा मी ठरवलं, आता असा दोरा घालायचा की जग बुडालं तरी तो तुटता कामा नये. बाजारात जाऊन मासे धरायच्या गळाला लावतात ती नायलॉनची तार आणली. दुकानदार म्हणाला, "दहा किलोचा मासा लागला तरी तुटणार नाही." माझ्या बॅगेत दहा किलोचा मासा शिरण्याचा संभव कमी होता, पण ऐकून बरं वाटलं. घरी येऊन शिवायला बसलो. जितके टाके जास्त तितकी शिवण पक्की, हा साधा हिशोब. म्हणून प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये आणखी एक टाका घातला. ही चहा घेऊन आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, बॅग शिवताय की रफू करताय?"

त्याच सुमाराला मी आणखी एक शिवणकाम हाती घेतलं होतं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराची कौलं आणि पाण्याची टाकी दादानं दुरुस्त करून घेतली. दादा तिथेच राहतो, मी पुण्यात. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा ठरला होता. दादानं खर्चाचा आकडा कळवला, 41,350 रुपये. सोबत पावत्याही पाठवल्या. मी निम्मे पैसे पाठवून दिले आणि मग पावत्यांची बेरीज केली. ती आली 38,900. फरक 2,450 रुपयांचा. त्यात माझा निम्मा वाटा, 1,225.

मी दादाला पत्र लिहिलं. एकात भागलं नाही म्हणून दुसरं लिहिलं. अशी सात पत्रं लिहिली. प्रत्येकात मुद्द्यांना क्रमांक घातले, म्हणजे उत्तर देणाऱ्याची सोय व्हावी. पहिल्या दोन पत्रांना उत्तरं आली. सातव्यानंतर 1,225 रुपयांचा चेक आला आणि त्याच्यासोबत एक ओळसुद्धा नव्हती. चेक वटला. त्यानंतर ना गणपतीला बोलावणं आलं, ना दिवाळीला फोन. या सगळ्या पत्रव्यवहाराची फाइल मी अण्णांच्या बॅगेत नीट लावून ठेवली. माझी बेरीज बरोबर होती, याचं मला फार समाधान होतं.

अशी सहा वर्षं गेली. एके दिवशी माळ्यावरून बॅग काढताना 'फर्र' असा आवाज झाला. बघतो तर माझ्या दोऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. तो दहा किलोच्या माशाची वाट बघत तसाच ताठ उभा होता. फाटलं होतं ते कातडं. टपालाची तिकिटं भोकाभोकांवरून फाटतात, तसं एका रेषेत, अगदी सुबक.

आमच्या चौकात पर्जन्यवृक्षाखाली एक म्हातारे कारागीर बसतात. पाठीमागे झाडाला संत रोहिदासांची तसबीर, पुढ्यात रापी, आरी आणि मेणाचा गोळा. यांच्या वडिलांनी टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवण्यात हयात घालवली. पुण्यातले टांगे गेले, तसे हे चपलांवर आले. मी बॅग पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, माझा दोरा दोन बोटांत धरून ओढून पाहिला आणि विचारलं,

"कुनी शिवली?"

"मीच," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमानही असावा.

"दोरा चांगला हाय," ते म्हणाले. "बॅग मेली."

मग त्यांनी बाजूचा खोका माझ्याकडे सरकवला. चांभाराकडे आपण नेहमी एका पायावर उभे असतो आणि घाईत असतो. बसून ऐकायची माझी ती पहिलीच वेळ.

"साहेब, ओढ बसली की कुनीतरी जायला लागतंय," ते म्हणाले. "दोरा गेला तर मी दुसरा घालतो. कातडं गेलं तर कुठनं आनू?"

नोकरीत असताना व्यक्तिमत्त्व-विकासाच्या तीन शिबिरांना मी साहेबांच्या हुकमानं बसलो होतो. तिथं इतकं नेमकं मला कोणी काही सांगितलं नाही. मी म्हणालो, "मामा, मग तो गोधडीचा दोरा काय वाईट होता? तो तर बिचारा लगेच गेला."

त्यांनी माझ्याकडे, नापास होणाऱ्या पोराकडे अण्णा बघत, तसं बघितलं. "त्यो वझं न उचलताच गेला. त्याला दोरा म्हनायचं व्हय?"

मग त्यांनी एका जुन्या डब्यातून एक फिक्या रंगाची रीळ काढली. लिननचा दोरा, म्हणजे जवसाच्या झाडाच्या वाखाचा. जवस म्हटलं की मला फक्त चटणी आठवते, पण बियांची चटणी करणारे आपण आणि खोडाचा दोरा काढणारे, असे दोन पंथ या झाडाचे आहेत. या दोऱ्याचे तंतू लांब असतात, म्हणून तो सुतापेक्षा दमदार. नायलॉनसारखा तो ताणला जात नाही आणि तारेसारखा कातड्याला कापतही नाही. मामांनी तो मेणाच्या गोळ्यावरून सरसर ओढला. घासून मेण गरम होतं आणि दोऱ्यात मुरतं. मग पाणी लवकर शिरत नाही, पीळ सुटत नाही आणि टाका भोकात धरून बसतो.

वीतभर शिवणीला त्यांनी चार विती दोरा मोजून घेतला. मला वाटलं, म्हातारपणी माप चुकलं. पण त्यांनी दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवली. आरीनं भोक पाडायचं, एक सुई इकडून घालायची, दुसरी त्याच भोकातून तिकडून काढायची, की दोन्ही हातांनी ओढायचं. ही खोगिराची शिवण. खोगीरभरती हा शब्द मला लेखक म्हणून चांगला परिचयाचा. खोगिराची शिवण मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. मशीनवर वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि दोघे मध्ये एकमेकांत नुसते अडकतात. एक तुटला की शिवण उलगडत जाते. खोगिराच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके आपली जागा सोडत नाहीत. टाकेही मामांनी मोजकेच घातले, बोटभर अंतरात पाच-सहा. "लई भोकं पाडली की कातडं ऱ्हातच न्हाई," ते म्हणाले. मला माझ्या सात पत्रांतले मुद्द्यांचे क्रमांक आठवले.

आता तुम्ही म्हणाल, हा निसरडा रस्ता आहे. दोरा तुटता असावा म्हणायचं, तर उद्या लाच घेणारा कारकूनही म्हणेल, 'आमच्या तत्त्वाचा दोरा जरा लवचीक आहे.' हरिश्चंद्रानं काय गोधडीच्या दोऱ्यानं सत्य शिवलं होतं? शंका रास्त आहे. मीही त्या खोक्यावर बसून हाच वाद स्वतःशी घातला. ताठ असणं वाईट असं मामांनी कुठे म्हटलं? रोजचं ओझं पेललंच पाहिजे, ही त्यांची पहिली अट. प्रश्न एवढाच, की अपघाताची ओढ बसेल तेव्हा काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं. म्हणजे आपल्या व्यवहारात कातडं कुठलं आणि दोरा कुठला, हे आधी ओळखायला हवं. भावाभावांत हिशोब असावा तो कशासाठी? भाऊ भाऊ राहावेत यासाठी. मी हिशोब राखला आणि भाऊ फाडला.

दादानं पैसे खाल्ले असते तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी लढलो असतो आणि लढायलाच हवं होतं. पण पाच गडी आठवडाभर कौलं चढवतात, तेव्हा त्यांना दोन वेळचा चहा लागतो, दुपारी वडापाव लागतो, संध्याकाळी कोणाला गावी जायला एसटीचे पैसे लागतात. टपरीवरचा चहावाला पावती देत नाही. 2,450 रुपये तिथे गेले होते, हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच कळलं होतं. साती पत्रांत हा मुद्दा तेवढा मी कुठल्याही क्रमांकाखाली घातला नाही. मी खरं तेवढंच लिहिलं होतं. फक्त सगळं खरं लिहिलं नव्हतं.

मामा शिवत होते. त्यांच्याजवळ दुरुस्तीला आलेली एक कोल्हापुरी पडली होती, ती मी चाळा म्हणून हातात घेतली. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. ती चामड्याच्याच बारीक वादीनं शिवतात. पायाखालचं कातडं झिजतं तसतशी वादीही झिजते; दोघं बरोबरीनं म्हातारी होतात. या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी 2019 साली वाचली होती. ते एकट्या कोल्हापूरला नाही मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळालं. जी दोन राज्यं 1956 सालापासून सीमेवरून भांडताहेत, त्यांना एका चपलेनं एका नोंदणीत बसवलं. माझा जिल्हा सातारा. चपलेला जे जमलं ते साताऱ्याच्या दोन भावांना जमू नये, हे काही बरं दिसत नव्हतं.

"झाली," मामा म्हणाले. फाटकी कड त्यांनी रापीनं सरळ कापून काढली होती आणि आतल्या धड कातड्यात नवी शिवण घातली होती. बॅग बोटभर अरुंद झाली होती. मी पैसे विचारले. त्यांनी मजुरी सांगितली. "आणि दोऱ्याचे?" "दोऱ्याचं काय घ्यायचं?" असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्याकडे वळले. म्हणजे चपलेच्या.

त्या रात्री मी साताऱ्याला फोन लावला.

"कोण?" दादाचा आवाज.

"मी."

बराच वेळ काही नाही. मग मी म्हणालो, "अण्णांची बॅग दुरुस्त करून आणली."

"मधे तूच शिवली होतीस ना?"

"हो."

"मग फाटणारच होती."

मी म्हणालो, "दादा, त्या कौलांच्या हिशोबात माझं चुकलं."

"नाही रे. मी परत बेरीज केली होती. तुझीच बरोबर होती." तो थांबला. "फक्त गड्यांचा चहा वगैरे—"

"ठाऊक होतं मला," मी म्हणालो. "तेव्हाच."

पलीकडे पुन्हा शांतता. या वेळी मला ती खुंटीला बॅग लागल्यानंतरच्या शांततेसारखी वाटली. मी आपोआप मान खाली घातली. वय वर्षं बाहत्तर.

"गणपतीला ये," दादा म्हणाला. "वहिनी विचारत होती. आणि येताना बॅग आण, बघू तरी काय केलंय तिचं."

फोन ठेवून मी बॅग भरायला घेतली. तिच्यात आता पंचा, एक सदरा आणि हिनं दादासाठी केलेल्या जवसाच्या चटणीची बाटली एवढं बेतानं बसतं. सात पत्रांची ती फाइल मात्र काही केल्या मावेना. बोटभर कमी पडलं.

ही म्हणाली, "मामांना मजुरी थोडी जास्तच द्यायला हवी होती."